म्हातारीनं चूल विझवली का?

चाळिशी उलटलेल्या बाईने कार्टून बघावं का, यावर आमच्या घरात अजिबात मतभेद नाहीत. नवरा, मुलगा, सासूबाई, तिघांचं एकमत आहे की बघू नये. मी बघते. मेहकरच्या शाळेतून घरी आले, की चहाचा कप घेऊन मोबाईल समोर उभा करते आणि अर्धा तास कुणाची कुणी नसते.

त्या वर्षी मी एका म्हातारीच्या मालिकेत अडकले होते. डोंगराच्या माथ्यावर तिचं एकटीचं घर, आणि त्या घरात वाट चुकलेले वारे मुक्कामाला यायचे. प्रत्येक भागात एक वारा. एक समुद्रावरून आलेला, खारट. एक गावाने हाकलून दिलेला, तापट डोक्याचा. एक तर इतका लहान, की त्याला धड पानसुद्धा हलवता यायचं नाही. म्हातारी त्यांना जेवू घालायची, चादरीखाली निजवायची आणि सकाळी दार उघडून वाटेला लावायची. शेवटच्या भागात एक मोठा, शांत वारा येतो आणि म्हणतो, आता तूच चल. म्हातारी काही बोलत नाही. त्यानंतर कितीतरी वेळ फक्त खिडकी दिसते. खिडकीत दिवा आहे, पडदा हलतोय, आतून बारीकसारीक आवाज येतायत. मग सगळं पांढरं होतं आणि मालिका संपते.

ती गेली की राहिली? मोबाईलवर आमचा एक ग्रुप होता. कुठकुठले लोक त्यात, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि सगळे या एका प्रश्नावर हमरीतुमरीवर आलेले. जाणारे आणि राहणारे अशा दोन फळ्याच पडल्या होत्या. ज्योत कुठल्या बाजूला झुकली, पडदा आत उडाला की बाहेर, यावर पानंच्या पानं लिहिली जात. मी राहणाऱ्यांत होते आणि तेही साधीसुधी नाही. एका सभ्य गृहस्थाशी मी इतकी भांडले, की त्याने मला ब्लॉक केलं. नवरा म्हणाला, "एका कार्टूनसाठी एवढी काय पेटतेस?" मला कारण ठाऊक होतं, पण त्याला सांगितलं नाही.

वडील गेल्यापासून आई मोताळ्याजवळच्या आमच्या गावात एकटीच राहत होती. भावाने पुण्यात सहाव्या मजल्यावर घर घेतलं आणि तो उन्हाळा संपला की आईला कायमचं तिकडे न्यायचं, असं ठरवलं. शेत मक्त्याने दिलेलंच होतं, घराला कुलूप लावलं की झालं. आईला विचारलं की ती "पाहू" म्हणायची. त्या "पाहू"चा अर्थ मी माझ्या सोयीने लावून घेतला होता. तिला जायचं नाही, पण मुलाला नाही कसं म्हणायचं म्हणून ती गप्प आहे, असं मी धरून चालले होते. ती गेली की माझं माहेर संपणार होतं. तिने नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

मे महिन्यात पापडाला माहेरी गेले, ती तिच्याकडून नाही वदवून घ्यायचा डाव मनात घेऊन.

आमच्याकडे पापड दुपारी लाटतात. पीठ सुकू नये म्हणून पंखा बंद. दाराला ओला पडदा. खोलीत अर्धवट अंधार, हिंगाचा आणि पापडखाराचा वास, आणि गोल करून बसलेल्या बायकांची लाटणी. माझे पापड नकाशासारखे येतात, म्हणून मला नेहमी लाट्या करायला बसवतात. त्या दुपारी आई होती, शेजारच्या काकू होत्या आणि समोरच्या घरची नवी वहिनी होती. गप्पा आटल्यावर काकू म्हणाल्या, "तुह्या मोबाईलमंदी काही लाव ना वं, झोप येऊन राह्यली." मी पाण्याच्या हंड्याला मोबाईल टेकवला आणि म्हातारीची मालिका लावली. हिंदीत होती, तेव्हा अडचण नव्हती.

अडचण एवढीच, की त्या बघत नव्हत्या. नजर पोळपाटावर आणि कान मोबाईलकडे. रोज दुपारी अशीच ती मालिका चालली. बाहेर उन्हाचा वारा पत्र्यावर सरपटत जायचा आणि मोबाईलमधला वारा कुठला, गल्लीतला कुठला, हे मलासुद्धा कळेनासं व्हायचं. पडदा हलला की काकू मान वर न करताच म्हणायच्या, "आला वाट्टे आजचा पाव्हना." एकदा मी लाटी हातात घेऊन बसल्या बसल्या डुलकी काढली, तर स्वप्नात आमच्या माजघरात सगळे वारे ओळीने निजले होते आणि आई त्यांच्यावर पांघरूण घालत फिरत होती. जागी झाले तेव्हा ती खरंच वाळत्या पापडांवर धोतराचं कापड पसरत होती.

मग शेवटचा भाग आला. वारा म्हणाला, आता तूच चल. आणि संवाद संपले. खिडकी, दिवा, पडदा, ज्यावर जगभरचे लोक भांडत होते ते काहीच या बायकांनी पाहिलं नाही. त्यांनी ऐकलं. आतून एक भांडं वाजलं. मग सूऽऽ असा एक आवाज झाला. मग पावलं. मग वारा, आणि शांतता.

"सरलं?" काकूंनी विचारलं.

"सरलं. आता तुम्हीच सांगा, ती गेली की राहिली."

"राह्यली वं," काकू म्हणाल्या. "आयकलं नाही का? तव्यावर पानी शिंपडलं तिनं. भाकरीले बसली. आलेल्या पाव्हन्याले उपाशी कशी धाडन?"

"तव्यावर पानी चर्र वाजते, काकू," वहिनी म्हणाली. "हे सूऽऽ झालं. निखाऱ्यावर पानी मारलं तिनं. चूल इझवली अन् निंगाली."

"तू गॅसवाली, मले चूल शिकोतं का?"

मी थक्क होऊन ऐकत होते. तो आवाज मी कितीदा ऐकला असेल, पण आमच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. वहिनीने पुन्हा लावायला सांगितलं. सगळ्यांचे हात तेलाचे, म्हणून मी कोपराने मोबाईल मागे नेला. पुन्हा सूऽऽ. पुन्हा वाद. शेवटी काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पहिल्यांदाच मोबाईलवर वाकल्या. मी त्यांना मागचा थोडा भाग दाखवला.

"हे कोन व्हय?"

"हीच ती म्हातारी."

"छ्या. ही तं झग्यातली हाये. माह्यी लुगड्यातली होती." आणि त्या परत येऊन बसल्या. घर कुठे आहे त्याचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर, बाभळींच्या वर. वहिनीचं मात्र तिच्या मामाच्या मळ्यात होतं. मोबाईलमधलं घर दोघींनाही पसंत पडलं नाही.

काकू माझ्या बाजूच्या आहेत, याने मला जोर आला होता. मी आईकडे वळले. "आई, तू सांग. राहिलीच ना ती?"

त्या "ना"मध्ये मी काय घातलं होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. लाटणी थांबली. आई मात्र हातातला पापड पुरा लाटत राहिली, कडा सारख्या केल्या, उचलून माझ्या हातावर ठेवला.

"इझवली तिनं चूल," ती म्हणाली. "अन् खुशीनं इझवली."

"खुशीने कशावरून?"

"मी असती तं खुशीनंच इझवली असती."

मग तीच पुढे बोलली, नवी लाटी पोळपाटावर घेत. "मले जायचं हाये, बाई. तुमी सारे इचारून राह्यले, करमन का, कसं होईन. तुमचे तोंडं पाहून मी पाहू म्हनून राह्यली. मांगच्या दिवाळीत पुन्याले गेलती ना मी? सांजच्याले खालच्या बागेत बसली. कोनी वळखे ना. कोनी कोनाची माय म्हने ना, कोनाची बायको म्हने ना. एका बाईनं मलेच इचारलं, तुमचं नाव काय. कित्ती वर्सानं कोनी माह्यं नाव इचारलं."

ती हे इतक्या हळू आवाजात सांगत होती, की जणू ती बाग आत्ता तिच्या पोळपाटावर होती. तिच्या चेहऱ्यावर मी अशी हौस कधी पाहिली नव्हती. मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. लहान मुलीसारखा, पाय आपटावेत असा राग.

"मग माझं माहेर?" मी म्हटलं.

"ते तं सरलं."

"आई!"

"मंग का सांगू तुले? माह्यं बी सरलं. माह्यी माय गेली तवा सरलं. तुह्यं तं माय जित्ती असतानी सरून राह्यलं. तुह्यं बरं हाये."

आधी काकू हसल्या, मग वहिनी, मग आई स्वतः. मीही हसले आणि हसता हसता रडले. तेलाच्या हातांनी डोळे पुसता येईनात, तर आईने तिच्या पदराने पुसले आणि म्हणाली, "लाट्या कर, पीठ सुकून राह्यलं." काकूंचं हसू सगळ्यांच्या आधी विझलं. त्या बराच वेळ एकच पापड लाटत बसल्या, तो मधून फाटला तरी.

जूनमध्ये भाऊ गाडी घेऊन आला. मी आदल्या दिवशीच आले होते, आवराआवरीला. आई सगळ्यांच्या आधी तयार होती. चष्मा पुसून, केस बांधून, पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा कसा लावायचा ते भावाला विचारून घेतलं. काकूंचा हात तिने खिडकीतून बराच वेळ धरून ठेवला होता. मला म्हणाली, "फाटक नीट लाव, गाई शिरतात." आणि गाडी निघाली.

मी फाटकाशी उभी होते. लग्न झाल्यापासून त्या फाटकातून नेहमी मी जायचे आणि ती तिथे उभी असायची. हातात पिशव्या, कडेवर पोर, एसटी चुकायची घाई, मी कधी वळून बघितलेलं आठवत नाही. आईनेही बघितलं नाही. गाडी वळणावर गेली, धूळ खाली बसली, काकू डोळे पुसत घरात गेल्या. मी निघून गेल्यावर आई तिथे किती वेळ उभी राहत असेल, हे मला कधी माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं.