आज्याची घडी नवी होती तवा केवढ्याची होती

काकानं घडी माह्या हाती देल्ली तवा दोन कामं सांगितली. एक, बंद पडली आहे ते चालू करून आण. दुसरं, घडीवाल्याले विचार, नवी होती तवा हे केवढ्याले भेटत होती. मी चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, एका वकिलाकडं टाईप करतो. चांद्यात राहते त्याले सगळं समजते, असं आमच्या आरमोरीकडच्या लोकाइले वाटते. खरं सांगू, मलेबी वाटत होतं.

घडी अमेरिकेची. खिशातली, साखळीवाली, पाठीवर रेल्वेचं इंजिन कोरलेलं. माह्या आज्यानं दोन मोसम एटापल्लीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे बैलगाडीनं डेपोत आणून टाकले. हिशोबाच्या दिवशी लाकडाच्या साहेबानं पैशाच्या जागी हे घडी त्याच्या हातावर ठेवली. आजा खुशीनं घरी आला म्हणतात. त्याले टाईम पाहता येत नव्हता, पण घडी कानाले लावून बसे.

आजा गेल्यावर बाबाची आणि काकाची वाटणी झाली. आमच्याकडं घरच्या वस्तूची किंमत बाजारात विचारत नाईत. घरच्या माणसानं तिच्यासाठी काय देल्लं, तेच पंच धरतात. घडीसाठी दोन मोसम गेले, आणि दोन मोसमाच्या कमाईत तवा एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक बांधलेला तुकडा, येत होती. म्हणून तलावाखालची धानाची बांधी, जिले पाणी कधी कमी पडत नाई, ते बाबाकडं आली. घडी काकाकडं गेली. काकानंच मांगून घेतली होती.

आता काकाच्या पोरीले पाहायले पाव्हणे येणार होते. त्याइच्यासमोर घडी काढून तिची किंमत सांगाची, असं त्याच्या मनात होतं.

जटपुरा गेटाजवळ एक म्हातारे घडीसाज बसतात. मी त्याइले चाचा म्हणतो. त्याइनं डोळ्याले भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि मले आत पाहायले सांगितलं. अमेरिकेच्या भारी घडीत लाल खडे असतात, पंधरा, सतरा, चाकाच्या टोकाखाली बसवलेले. हिच्यात एकबी नव्हता. मंग त्याइनं पेटीतून आपल्या वडलाच्या वेळचं एक जाडजूड पुस्तक काढलं. अमेरिकेच्या दुकानाचं, नुसती चित्रं आणि किमती. इंग्रजी मले येते म्हणून वाचायचं काम माह्याकडं. मी पानं उलटून राह्यलो तर तेच इंजिन समोर आलं. तेच चाक, तोच धूर.

किंमत एक डॉलर.

खाली लिहिलं होतं की कोणताबी मजूर एका दिवसाच्या मजुरीत हे घेऊ शकते. त्याच पानावर खडेवाल्या घड्या तीस डॉलरच्या, पन्नास डॉलरच्या. तवाचा डॉलर म्हणजे आपले तीनेक रुपये, असं चाचा म्हणाले. आणि मंग म्हणाले, "बेटा, काकाले सांगशील का हे?"

काऊन नाई सांगन? मले तर एवढा आनंद झाला होता का बाप्पा! ज्या गोष्टीचा अख्ख्या गावाले पत्ता नाई ते मले सापडली होती. घडी चालू होऊन हाती आली तसा मी ऑफिसात गेलो आणि ते पान पाठ असल्यासारखं टाईप करून काढलं, कार्बन लावून, दोन प्रती.

घरी जाताना मूल गावच्या स्टँडवर बस थांबली तवा डोकं थंड झालं. कागद वाचता वाचता ध्यानात आलं, तीन रुपयाच्या घडीवर काकाची बांधी गेली. आणि माही टायपिंग शिकायची फी कुठून आली? त्याच बांधीच्या धानातून. बसमधी माह्या खिशात घडी टिकटिक करून राह्यली होती आणि मले ते ऐकू नको वाटे.

घरी आलो, आधी बाबाले सांगितलं. बाबा पाय धूत होते. लय वेळ धूतच राह्यले. मंग म्हणाले, चाल. त्यानं विचारलं आहे तर त्याले सांगाच लागन.

काकानं घडी घेतली, कानाले लावली, खुश झाला. मी कागद वाचून दाखवला. त्यानं मजुराची ओळ परत वाचायले लावली.

"तिकडं एका दिवसाची?"

"हो काका."

"आणि माह्या बापाचे दोन मोसम."

बाबा म्हणाले, "बांधी तुही हाये. घेऊन घे."

"वाटणीच्या दिवशी मी काय आंधळा होतो, दादा? मीच मांगलती."

"अर्धी तरी घे."

"मंग घडीबी अर्धी करा लागन. आण करवत."

काकू हसली, पण काका हसला नाई. तो घडीवर अंगठा फिरवत होता, इंजिनावर.

बाबानं मंग पाळी काढली. बांधी एक साल तुह्याकडं, एक साल माह्याकडं. ज्याच्याकडं बांधी, त्याच्याकडं त्या साली घडी नाई. मले वाटलं काका लगेच हो म्हणन. एका डॉलरची वस्तू तर आहे. पण त्यानं घडी मुठीत धरली आणि म्हणाला, "बांधी घेतो. घडी द्यायले जड जाते."

पाव्हणे आले तवा काकानं घडी काढली, पण किमतीचं काही बोलला नाई. त्याइनं विचारलं तर म्हणाला, दोन मोसमाची.

धानाच्या रोवणीपासून पाळी सुरू झाली. यंदा बांधी काकाकडं आहे, घडी आमच्या घरच्या खुंटीले. मी सुट्टीत आलो का पाहतो. सकाळी बांधीवर जाताना काका वाट वाकडी करून आमच्याकडं येते आणि घडीले चाबी देते. बाबाच्या हातानं जास्त पिळल्या जाते म्हणते. बाबा त्याले देऊ देतात.