मेन स्विच बंद होता

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डिचोली तालुक्यातल्या एका बंद खाणीवर चोरी उघडकीस आली. खाणीतले पाणी उपसणाऱ्या पंपघरातून तांब्याच्या पट्ट्या आणि कपॅसिटरचे जुने डबे गेले होते. एक डबा दाराशीच पडला होता. पंचनामा करून तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणला.

मी तेव्हा त्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सगळे ठाणे आदल्या दिवसापासून जत्रेच्या बंदोबस्तावर होते, पंपघराचा रखवालदारही तिकडेच. होमखणाच्या, म्हणजे जत्रेतल्या निखाऱ्यांच्या ढिगाच्या, धुराचा वास आमच्या वर्दीला अजून येत होता. तो वास मला आजही आवडतो.

खबर आरोग्य केंद्रातून आली. तिथली परिचारिका आमच्या हवालदाराला म्हणाली, "धोंडांचे पाय भाजतात, ते दर वर्सा बघतां. ह्याचो मात तळहात भाजलो. तोय दोनच जाग्यांर."

धोंड म्हणजे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे देवीचे भक्त. हा धोंड खाणीवरचा जुना कामगार. होमखणात हात टेकला, असे त्याचे म्हणणे होते. मुद्देमालातल्या डब्यालाही दोनच टोके होती, म्हणून त्याला ठाण्यात आणले.

"लईराईचं नाव घेऊन सांग," मी म्हणालो.

खोटे बोलणारा सहसा शपथ लगेच घेतो. ह्याने घेतली नाही. मग रडू लागला.

"मेन स्विच बंद केल्लो, सायबानू. तरी हात भाजलो. ती वीज न्हय, देवीचो कोप. वर्तात आसून चोरी केली."

बाकीचे डबे मेव्हण्याकडे, त्याच्या बहिणीच्या नवऱ्याकडे होते. तो ते फोडून आतला धातू काढणार होता. त्याचा फोन लागत नव्हता. त्याचाही हात भाजेल म्हटले, तरी ठिकाण हा सांगेना.

"ताका कांय जावचें ना. तो खंय वर्तात आसा?"

"म्हणजे देवी तुका एकट्याकच ओळखता?" हवालदार म्हणाला. "चोरी दोघांनी केली न्हय?"

पंचनाम्यासाठी बोलावलेला वीज खात्याचा वायरमन ठाण्यातच होता. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहू शकते, असे त्याने सांगितले. रबरी हातमोजे घालून त्याने साठलेली वीज काढणारा डिस्चार्ज रॉड मुद्देमालातल्या डब्याच्या टोकांना लावला. फटाका फुटावा तसा आवाज झाला.

आरोपी उभा राहिला. "लाटंबार्श्यात," तो म्हणाला. "काजूच्या भट्टीर. बेगीन चला सायबानू, म्हजी भयण रांड जातली."

भट्टीवर काजूच्या फळांचा, बोंडूंचा, आंबूस वास भरला होता. मेव्हणा डबा मांडीशी धरून छिन्नी लावत होता.

"हात लावू नको रे!" हवालदार ओरडला.

"वायरच ना, लायट खंय आसा?" तो हसून म्हणाला. पण त्याने छिन्नी खाली ठेवली.

वायरमनने त्याला बाजूला केले आणि रॉड लावून एकेका डब्यातली वीज काढायला घेतली. पहिले निमूट रिकामे निघाले. मेव्हण्याने मांडीशी धरलेला डबा कडाडला. त्याने बायकोच्या भावाचा हात कसा आहे, एवढेच विचारले.

दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. माणूस स्वतःला वाचवण्यासाठी जे सांगत नाही, ते दुसऱ्याला वाचवण्यासाठी सांगतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढल्या जत्रेत मी पुन्हा बंदोबस्ताला होतो. धोंडांच्या रांगेत तो वेत घेऊन उभा होता, तळहातावर दोन पांढरे डाग. त्याच्या मागे त्याचा मेव्हणा होता. मेव्हण्याचे व्रताचे ते पहिले वर्ष.