सोनाळ्याच्या विहिरींचे आलेख

धम्मशीला मूळची सोनाळ्याची. काही वर्षं पुण्यात नोकरी करून ती मलकापूरला हिंमतरावांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आली. मी तिच्या शेजारच्याच टेबलावर बसतो.

तेव्हा आम्ही विहिरींच्या पाण्याची पातळी मोबाइलवर दाखवणारं ॲप बनवत होतो. आलेख काढायची तयार साधनं मिळतात. एक विकतचं, देखणं, अडलं तर मदतीला त्यांची माणसं. दुसरं ओपन सोर्स; कोणीही फुकट वापरावं, आतला कोड बदलावा, पण बिघडलं तर आपलं आपण निस्तरावं. हिंमतरावांचा कल विकतच्याकडे होता. धम्मशीलाने वाद घातला नाही. दोन्हींचे नमुने बनवले आणि सोनाळ्याला भाजीपाला पिकवणाऱ्या पुष्पाबाईंच्या हातात दिले.

विकतचा आलेख त्यांच्या साध्या फोनवर उघडेचना. दुसरा लगेच उघडला, पण गावांच्या नावांतली जोडाक्षरं फुटलेली. पुष्पाबाईंनी विचारलं, "रेघ समजते मले, पन गावाचं नाव काऊन असं तुटून राह्यलं?"

धम्मशीला परतली आणि ओपन सोर्सचा कोड उघडून बसली. नावं कापणारी जागा सापडली, तशी तिने ती दुरुस्त केली आणि दुरुस्ती साधनाच्या मूळ कर्त्यांकडे पाठवली. त्यांनी शंका काढल्या, पुन्हा लिहायला लावलं, शेवटी स्वीकारली. आता ती सगळ्यांनाच मिळते.

ॲपमध्ये तेच साधन बसवायचं ठरलं, तरी हिंमतरावांना धाकधूक होतीच. "ऐन हंगामात बंद पडलं त फोन कोनाले करायचा?"

"मले करा, भाऊ," ती शांतपणे म्हणाली.

आणि हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत फोन आलाच. धम्मशीलाने साधनाची नवी आवृत्ती घेतल्यावर आलेख कोरे दिसू लागले होते. न तपासता बदल केला, चूक माझी, असं तिने शेतकऱ्यांना स्वतः फोन करून सांगितलं. संध्याकाळपर्यंत आलेख पूर्ववत झाले.

पुढे एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, काम आलं. त्यांना छापील अहवाल हवे होते. आता हिंमतरावच ओपन सोर्सचा आग्रह धरू लागले, तर धम्मशीला म्हणाली, हे विकतच्यात तयार आहे, तेच घ्या. मला नवल वाटलं. इतकी मेहनत केलेलं साधन तिने सहज बाजूला ठेवलं होतं. जिनिंगचे अहवाल आता त्या विकतच्या साधनातून निघतात, आणि ते वापरायला आम्हाला तिनेच शिकवलं.