पहिल्याच दिवशी रिव्हर्स

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. आमच्या गावात जी माणसं आधी दिवा दाखवून मग नीट वळतात ती तिच्याकडे शिकलेली, आणि जी मनाला येईल तशी वळतात ती दुसरीकडे शिकलेली, असं मी सगळ्यांना सांगते. यात घरचा अभिमान थोडा आहे, पण थोडाच.

तिची शाळा म्हणजे एक खोली. आत बसायला बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, मागे मोकळं मैदान आणि दारात पांढरी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. शिकणारा चुकला की आत्याचा उजवा पाय खाली जातो. इतकी वर्षं तो असा जात राहिल्यामुळे तिची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजते. चपलांचा दुकानदार तिला विचारतो, "ताई, तुम्ही लंगडी घालत फिरता का?" आणि सवय अशी जडली आहे की बसमध्ये, रिक्षात, कुणाच्या स्कूटरवर मागे बसली तरी तिचा पाय समोरच्या हवेत ब्रेक दाबत असतो.

शाळेचा एक विचित्र नियम आहे. नवा शिकाऊ पहिल्या दिवशी स्टिअरिंगमागे बसतो. आत्या शेजारी बसते, किल्ली मुठीत धरते आणि विचारते, "भीती वाटतेय का?" बहुतेक जण म्हणतात, "छे हो, भीती कसली." मग आत्या म्हणते, "बरं, मग उतरा. उद्या या." ज्याला "हो, वाटतेय" असं मोठ्याने म्हणता येतं, किल्ली त्यालाच. एक पोलीस साहेब रोज छाती पुढे काढून बसायचे आणि रोज खाली उतरायचे. शेवटी एकदा इकडेतिकडे कोणी ऐकत नाही ना हे बघून त्यांनी कबूल केलं, आणि पुढे ते उत्तम शिकले. मी सख्खी भाची, तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, पण मलाही सूट मिळाली नाही. मी "नाही" म्हणाले आणि उतरले.

"घाबरलेला माणूस ब्रेक मारतो," ती मला म्हणाली. "भीती लपवणारा काहीही करतो. मला माझ्या गाडीत ते काहीही नको."

या नियमापायी एकच माणूस कायमचा नापास झाला. आतोबा, म्हणजे आत्याचा नवरा.

आतोबा घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतात. टेबलावर मेणाचे साचे, डब्यांत दात लावलेले, आणि मधोमध आतोबा कायम हसत. "आमचा धंदाच दात दाखवायचा," असं ते म्हणतात. लग्न झाल्यापासून अधूनमधून लहर आली की ते पांढऱ्या गाडीत जाऊन बसायचे. आत्या विचारायची, "भीती वाटतेय का?" ते म्हणायचे, "तुझ्याशी लग्न केलं, आता आणखी कशाला घाबरू?" शेजारीपाजारी हसायचे, आत्याही हसायची आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. नवऱ्यासाठी तिने नियम वाकवला नाही, त्यांनीही आपला विनोद सोडला नाही. अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या बाईचा नवरा जन्मभर शेजारच्या सीटवर बसून फिरला, तेही त्या ब्रेकला पाय लावायचा नाही या अटीवर.

मग आत्याचा उजवा घोटा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, "चाला हवं तेवढं. पण हे ब्रेक दाबणं काही दिवस पूर्ण बंद." घरी बसली म्हणून आत्या ब्रेक दाबायची थोडीच थांबते? टीव्हीवर गाडी दिसली तरी पाय खाली. मी प्रवास कंपनीत तिकिटं काढायचं काम करते, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. "जिथं एकसुद्धा गाडी नाही अशी जागा शोध," ती म्हणाली.

मी एक बेट शोधलं. भर समुद्रात, नारळाच्या झाडांचं, चहूबाजूंनी पांढरी वाळू, आणि मधोमध फार पूर्वी विझलेल्या ज्वालामुखीचा हिरवागार डोंगर. रस्ते नाहीत, नुसत्या पायवाटा. आतोबा आले, आणि सामान उचलायला मी. शेवटचा प्रवास छोट्या होडीतून होता. धक्का जवळ आला तसा आत्याने होडीच्या फळीवर असा पाय दाबला की नावाडी दचकून तिच्याकडे बघायला लागला.

पहिले काही दिवस मजेत गेले. आम्ही पाण्यात डुंबलो, उन्हात भाजून निघालो, पोट फुटेस्तोवर मासे खाल्ले. घोट्याची सूज उतरली आणि आत्याचं लक्ष डोंगराकडे गेलं. खोलीच्या खिडकीतून तो उठताबसता दिसायचा. माथ्यावरून अख्खं बेट एका नजरेत दिसतं, असं सगळे सांगत होते. वाट अवघड आहे, हेही सांगत होते.

"इतक्या लांब यायचं आणि तिथं जायचं नाही, हे मला पटत नाही," आत्या म्हणाली.

"जाऊ की," आतोबा म्हणाले. "भीती कसली!"

आम्ही जेवायचो त्या खानावळवालीची बहीण आम्हाला न्यायला आली. उंच, अबोल बाई, पायात काही नाही. भाषा एकमेकांची येत नव्हती, त्यामुळे सगळा कारभार खुणांवर. तिने आमचे बूट वाकून तपासले. मग माथ्याकडे बोट दाखवून हातांनी ढग काढला आणि आम्हाला पाठ फिरवून दाखवली. ढग आला की मागे फिरायचं. एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

सकाळच्या उन्हात निघालो. आधी ओलं रान होतं. अंगाला चिकटणारी दमट हवा, मांडीएवढी जाड मुळं, चिखल असा की बूट आत जायचा तो तिथंच मुक्काम करायचा. मग उभी चढण, झाडाला बांधलेल्या दोरीला धरून. आतोबा सर्वांत मागे होते आणि त्यांचं तोंड अखंड चालू होतं. मी दमले होते, तरी हसत होते. पुढे आत्या त्या वाटाडीच्या पावलावर पाऊल टाकत चढत होती, मागे वळून बघायची सुद्धा नाही.

झाडी संपली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढची वाट डोंगराच्या धारेवरून जात होती. धार म्हणजे धारच. जेमतेम एक माणूस जाईल एवढी रुंद. एका बाजूला खाली समुद्र, दुसऱ्या बाजूला ज्वालामुखीचं खोल हिरवं तोंड. लोखंडी गज ठोकून त्यांना एक दोरी बांधलेली होती. धार संपली की थोडे खडक आणि मग माथा. दिसत होता, अगदी हाकेच्या अंतरावर.

वाटाडी गेली. आत्या वाकून, दोरी धरून गेली आणि पलीकडच्या खडकाला हात लावून उभी राहिली. मी अर्ध्यावर पोचले. तिथं एक चिवट झुडूप होतं, त्याला धरून मी दम घेतला. आतोबा माझ्या मागे होते. त्यांची बडबड थांबली नव्हती, उलट वाढली होती.

"तुम्ही व्हा पुढे," ते मोठ्याने म्हणाले. "मी जरा फोटो काढतो. काय देखावा आहे!"

मी मान वळवून बघितलं. आतोबा धारेवर ताठ उभे होते. एकही हात दोरीवर नाही. एका हातात फोन होता, पण तो आभाळाकडे. तोंडावर तेच हसू. त्यांच्या बुटाखालून एक दगड सुटला आणि खाली गेला. तो कुठं आपटल्याचा आवाजच आला नाही.

"अहो," आत्याने पलीकडून हाक मारली. "दोरी धरा."

"धरतो गं. घाई काय आहे? मी म्हणतो, मी आपला इथून वळतो आणि खाली बसतो निवांत. तुम्ही या जाऊन." आणि ते उभ्याउभ्या, दोरी न धरता, वळायला लागले आणि अर्ध्यातच अडकले.

ओरडावं तर ते दचकतील, आणि मला पुढेही होता येईना, मागेही. भीती लपवणारा काहीही करतो, हे आत्याचं वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला तिथं कळला.

आत्याने माथ्याकडे पाठ केली. मागून ढगाचा पांढरा पदर सरकत येत होता आणि वाटाडी हातवारे करत होती. आत्या रांगत धारेवर आली. झुडपापाशी मी अंग चोरून बसले, ती माझ्या पायांवरून पाय टाकून पुढे गेली. आतोबांच्या समोर जाऊन तिने दोन्हीकडे एकेक पाय सोडला आणि स्कूटरवर बसावं तशी त्या धारेवर बसली. एका हाताने दोरी धरली, दुसऱ्या हाताची मूठ मांडीवर. ती मूठ मी ओळखते. तिच्यात किल्ली असते.

"भीती वाटतेय का?" तिने विचारलं. आवाज शाळेतला. जरासुद्धा चढलेला नाही.

"छे," आतोबा म्हणाले. हसू तसंच. "तुझ्याशी लग्न केलं, आता आणखी..."

"मला वाटतेय," आत्या म्हणाली.

ते थांबले. हा प्रश्न विचारताना मी तिला जन्मभर ऐकलं होतं, उत्तर देताना कधीच नाही.

"माझी बोटं दोरीवरून सुटत नाहीयेत, इतकी वाटतेय," ती म्हणाली. "तुम्ही पडाल याची वाटतेय. आता सांगा. वाटतेय का?"

आतोबांचं हसू गेलं. हसू नसलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. म्हातारा दिसला तो चेहरा, आणि फार जवळचा.

"वाटतेय," ते म्हणाले. "खूप."

"चला, सुटलो," आत्या म्हणाली. "आता फोन खिशात, उजवा हात दोरीवर. तसाच. खाली बसा. हळू. आता माझ्यासारखे दोन्हीकडे पाय सोडा." तिने मूठ उघडली आणि त्यांचा हात हातात घेतला. "वळायचं नाही. असंच मागे सरकायचं. रिव्हर्स मी शेवटच्या दिवशी शिकवते, पण तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकावा लागणार. मागे बघू नका. मागचं मी बघते. मी जिथं बघायला सांगेन तिथं तुम्ही बघायचं. आत्ता माझ्याकडे."

आणि आतोबा सरकायला लागले. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं, ते फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. ती त्यांच्या खांद्यावरून मागची वाट न्याहाळत होती. "थोडं डावीकडे. बस. आता सरळ. शाब्बास. इथं दगड आहे, अंग वर उचला." तिच्या आवाजाला धरून मीही मागोमाग सरकत होते, आणि माझ्या मागे वाटाडी. ढग आला. आधी समुद्र गेला, मग माथा गेला. आत्याने त्याच्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. पहिल्या झाडाला आतोबांची पाठ टेकली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. वाटाडीने आत्याच्या पाठीवर थाप मारली. त्या बाईने दिवसभरात कुणाला हात लावला असेल तर तेवढाच.

संध्याकाळी आम्ही खोलीबाहेरच्या पायरीवर बसलो होतो. तिघांचेही तळवे सोललेले. आतोबा आपल्या तळव्यांवर फुंकर घालत होते.

"गाडीतसुद्धा वाटायची," ते एकदम म्हणाले.

"काय?" आत्या म्हणाली.

"भीती. दर वेळी. गाडीची नाही गं. तू बाजूला बसलेली असायचीस, त्याची. सगळं गाव तुझ्याकडून शिकून गेलं, आणि मी तुझ्यासमोर चुकलो तर? म्हणून मग विनोद करायचो. विनोद केला की उतरायला मिळायचं."

"मला वाटायचं, तुम्हाला शिकायचंच नाहीये," आत्या म्हणाली. "मीही वेडीच. एकाच प्रश्नावर अडून बसले. तुम्हाला दुसऱ्या तऱ्हेने विचारायला हवं होतं."

"आज विचारलंस की," आतोबा म्हणाले.

आता लोक विचारतात, माथ्यावर गेलात का? आत्या सरळ सांगते, "नाही, मागे आलो." मान वर करून सांगते. आणि मी शेजारी असले तर पुढची सगळी गोष्ट मी सांगते, न विचारता, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, कंपनीत तिकीट काढायला आलेल्या अनोळखी माणसांना. अशी बाई माझी आत्या आहे, हे त्यांना कळायला नको?

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी तिने मला मैदानावर बोलावलं. आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून स्टिअरिंगमागे बसले होते. मी मागे बसले. आत्या शेजारी बसली आणि मूठ पुढे केली.

"भीती वाटतेय का?"

"हो," आतोबा म्हणाले. "फार."

तिने किल्ली दिली. गाडी सुरू झाली, गचका खाऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. आतोबांच्या कपाळावर घाम आला, पण एक विनोद त्यांच्या तोंडून निघाला नाही. मग गाडी हलली. रिकाम्या मैदानावर, पायी चालणारा मागे टाकेल अशा वेगाने, पण हलली.

तेव्हा मी मागून बघितलं. आत्याने दोन्ही चपला काढल्या, पाय वर घेतले आणि ती सीटवर मांडी घालून बसली. खाली तिच्या ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. हे शाळेच्या नियमात बसत नाही, मला माहीत आहे. आतोबांना ते दिसलंच नाही. ते समोर बघत होते, जिथं जायचं होतं तिथं.