धरणगावच्या शेतातला उलटा खांब

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. रिक्षाला लिंबू-मिरची टांगलेली दिसली तरी चालकाशी वाद घालते, आणि नवरा दुसरीकडे बघत बसतो. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय… पण घडलं ते घडलं.

धरणगावजवळ आमचं कपाशीचं शेत आहे. काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि शेतातल्या विटांच्या घराला दरवर्षी नव्या भेगा. आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच वर्षी एक भिंत कलली. मग माझ्या धाकट्या भावाने, नितीनने, ठरवलं – घर लाकडाच्या सांगाड्यावर उभं करायचं. हलकं घर, माती हलली तर तेही थोडं हलेल, पण फाटणार नाही. पाचोऱ्याला कुणी जुनं घर उतरवत होतं, तिथून सागाचे खांब आणि तुळया आणल्या. वाळवी चढू नये म्हणून प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा. सांध्यात खिळे नाहीत, लाकडी खुंट्या. भिंती फळ्यांच्या. रमेशभाऊ सुतारांनी सुंदर काम केलं.

आबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ती वाळत चालली होती, आणि तीही जाईल अशी मला खरंच भीती वाटायची. नव्या घरात एका दुपारी तिने मधल्या खांबाशी चटई टाकली आणि चक्क घोरली! मग रोजच. हळूहळू चेहरा भरला.

मे महिन्यात मी गेले तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याच खांबाला पाठ टेकून बसले आणि डोळा लागला. सागाचं जंगल दिसलं… पण मुळं वर, शेंडे खाली, आणि माझ्या पायांखाली आभाळ. निळं, खोल. गळलेली पानं सावकाश वर मातीकडे चालली होती. पडायची भीती अजिबात वाटली नाही. जागी झाले आणि कुणालाच काही बोलले नाही.

दोन दिवसांनी रमेशभाऊ खांबांचा जुना ऑइलपेंट खरवडायला आले. मधल्या खांबापाशी थबकले. लाकडातल्या गाठींवरून बोट फिरवत म्हणाले, "अक्का, हाऊ खांब उलटा लागना. झाडनं बूड वर गयं. मनीच चूक."

रंगाखाली त्यांना ते कळलं नव्हतं. आपल्याकडे झाडाचं बूड खालीच ठेवतात. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणतात. नितीन घाबरला, लगेच काढा म्हणाला. आणि मी, विज्ञान शिकवणारी, खांबापुढे उभी राहिले. "हात लावायचा नाही. आई झोपते इथे." आमची चांगलीच जुंपली.

आई शांतपणे म्हणाली, "सरळ करा त्याले. झोपमा माले उलटं जंगल दिखस. मुळ्या वर, आभाळ खाले. तठे तुमना आबा येतस… पण उलटा. एक हातमा टोपी धरी ऱ्हातस, पडाले नको म्हनीसन."

हेच जंगल मी दोन दिवसांपूर्वी इथेच पाहिलं होतं.

"मग तुझ्या झोपेचं काय?" मी विचारलं.

"मनी झोपसाठे त्यास्ले कितला दिन उलटं ठेवू?"

तुळईखाली जॅक लावले, खुंट्या ठोकून काढल्या, खांब फिरवून पुन्हा बसवला. दुपारी आईने तिथेच चटई टाकली. मी शेजारी आडवी झाले. झोप लागली, पण काहीच दिसलं नाही. उठले तर आई जागी, खांबाला हात लावून बसलेली.

"आले होते का?" मी विचारलं. मला, चक्क मला, विचारावंसं वाटलं.

"नही. आते त्या सरळ चालतस. कसाले मांगे फिरतीन?"

आईची झोप पुन्हा गेली आहे. गोळी नको म्हणते. एका खांबाशी दोघींना एकच जंगल कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मला तिथे नुसती झाडंच दिसली होती. अजून चार दुपारी मिळाल्या असत्या, तर मलाही आबा दिसले असते.