शेजारच्या खोलीतली काळी पाच

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत कुत्रा आणि वाद्य, दोघांनाही बंदी होती. नवऱ्याने करारावर सही केली तेव्हा मी हसले होते. कुत्रा आमच्याकडे नव्हता, पेटी पुण्यालाच ठेवली होती, आणि गळा काही वाद्यात मोडत नाही. तिसऱ्याच सकाळी तोडी लावली, तर बेल वाजली. दारात इमारतीचे व्यवस्थापक, साठीचे गृहस्थ, कमरेत वाकून उभे. त्यांच्या लांबलचक बोलण्यातला 'आवाज' हा शब्द मला कळला, आणि 'सुमिमासेन'. माफी ते मागत होते आणि गप्प मी बसायचं होतं.

तेव्हापासून मी ओठांतल्या ओठांत गायला लागले. तेही नळ सोडून. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं म्हणून आलो, ते पुढच्या वर्षी वाढलं, मग त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी तो केक आणायचा आणि मी हसतमुखाने कापायचे. पुण्यात माझ्या गाण्याच्या बाईंनी निघताना एकच सांगितलं होतं, "बाकी काहीही सोड, रियाज सोडू नकोस." इथे मुलगी बालवाडीतून रोज नवीन जपानी घेऊन यायची. मी जरा सूर धरला की म्हणायची, "ममा, उरुसाई." म्हणजे गोंगाट नको. चार वर्षांच्या पोरीला माझं गाणं गोंगाट वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण काढणार कोणावर?

स्टेशनजवळ एक कराओके होतं, तासाच्या भाड्याने गायला खोल्या देणारं. सकाळी तिथल्या खोल्या रिकाम्या असत आणि एकटीने गेलं तरी कोणी काही विचारत नसे. मी भाजीच्या पिशवीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घालायची, वर कांद्याची पात. खोलीला खिडकी नाही, सोफ्याला सिगारेटचा वास. तुरुंगालासुद्धा झरोका असतो. पण इथे ओरडायची मुभा होती, आणि गंमत म्हणजे मला ओरडता येईना. षड्ज लावला की तो नळाखालचाच निघायचा, बारीक, चोरटा.

शेजारच्या खोलीत कोणीतरी रोज वाजवत असे. पत्र्यावर ज्वारी सांडावी तसे भराभर सूर, मग मध्येच गिटार, मग यंत्रातले ड्रम, आणि त्यावर एका पुरुषाचं चिनी गाणं. माझ्या पुणेरी कानांनी लगेच निकाल दिला: सगळ्याची भेळ, ना धड इकडचं ना धड तिकडचं. एक गोष्ट मात्र खटकत होती. ते सगळं काळी पाचमध्ये चालायचं. ती माझी पट्टी. पुरुष सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

उलगडा चहाच्या यंत्रापाशी झाला. चाळिशीचा, केस मागे बांधलेला माणूस कप घेऊन उभा होता. त्याचं जपानी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तो म्हणाला, "तुमचं ते झूं करणारं यंत्र भिंतीतून ऐकू येतं. मी माझं वाद्य त्याच्यावरच लावतो."

वाद्य म्हणजे पिपा, चार तारांचं, मांडीवर उभं धरून वाजवायचं. चीनमध्ये त्याच्या पॉप गाण्यांच्या सीड्या निघाल्या होत्या. इथे एका हॉटेलात रेशमी झगा घालून तो जेवणाऱ्यांसमोर तीच ती जुनी लोकगीतं वाजवायचा. गिटार नेली तर मॅनेजर म्हणे, पाहुण्यांना चीन हवा आहे. इतर दिवशी तो जाहिरातींच्या चाली करायचा, तिथे पिपा काढला की लोक घड्याळ बघत. "माझे दोन्ही हात फक्त या खोलीत भेटतात," तो म्हणाला. मला आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती आठवला. तिथेही मला दरवर्षी नऊवारी नेसून गौळणच म्हणायला लावत.

एकदा त्याने माझं गाणं नीट बसून ऐकलं. मग विचारलं, "घरात कोणी झोपलंय का?"

"नाही."

"मग कोणी झोपल्यासारखं का गाता?"

मी पिशवी आवरून घरी आले. दोन दिवस त्याचा राग धरला आणि तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण तो खरं बोलला होता. त्याच्या एका नव्या गाण्यात मध्ये त्याला आलाप हवा होता. आम्ही त्यावर बसायला लागलो. तो गिटारवर त्याचे इंग्रजी सूर धरायचा, मग पिप्यावर त्यांच्यातूनच वाट काढायचा, आणि मला म्हणायचा, आता तुम्ही. थोडा राग अजून होताच, म्हणून पहिल्यांदा मी मुद्दाम बेताल झाले. मग एका सकाळी तार सप्तकातला गंधार असा लागला की मीच दचकले. भेळ वगैरे म्हणाले होते ते मी मनातल्या मनात परत घेतलं. एका तळघरातल्या छोट्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम ठरला होता. त्याने मला त्यात बोलावलं.

मी घरी विषय काढला.

"डिपेंडंट व्हिसावर असं काम नाही करता येत," नवरा म्हणाला. "परमिशन लागते. मला ऑफिसात विचारावं लागेल, आणि एक्स्टेन्शनचं आत्ताच चाललंय."

"पैसे नाही घेणार मी."

"मग फुकट कशाला?"

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, दुसरं काय. वर तो म्हणाला, "बघ, तू ठरव," आणि लॅपटॉपकडे वळला. सरळ नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या संगीतकाराला इथल्या लोकांसारखं "चोत्तो..." म्हटलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. 'जरा' म्हणायचं आणि थांबायचं, की समोरच्याने नकार समजून घ्यायचा. तो म्हणाला, "जपानी चांगलं शिकलात."

कार्यक्रम माझ्याविना झाला. काही आठवड्यांनी हॉटेलने त्याला नको म्हटलं आणि तो परत जायला निघाला. जाताना त्याने त्या गाण्याची सीडी माझ्या हातात दिली.

मुलगी बालवाडीत गेल्यावर मी ती लावली. पिपा, गिटार, त्याचा आवाज. आणि मध्येच सगळं थांबलं, नुसता ठेका चालू राहिला. सीडी खराब आहे असं वाटून पुन्हा लावली. पुन्हा तेच. मोजून पाहिलं, सोळा मात्रांची चार आवर्तनं रिकामी, आणि मग गाणं पुढे निघतं. दुसऱ्या कोणाकडून त्याने तो आलाप गाऊन घेतला नव्हता.

तिसऱ्यांदा लावताना मी बाल्कनीचं दार उघडलं. समोर एक बाई गाद्या बडवत होती. जागा आली आणि मी तोंड उघडलं. आवाज कराओकेतल्यासारखाच निघाला, पूर्ण. समोरची बाई थांबून बघायला लागली. तिसऱ्या आवर्तनात बेल वाजली. चौथ्यात पुन्हा वाजली. मी समेवर आले, पिपा सुरू झाला, तेव्हा ओढणी सारखी केली आणि सुमिमासेन म्हणायला दाराकडे गेले.