माझ्यासाठी किती गाई

ईदच्या सुट्टीत आम्ही कुवेतच्या वाळवंटातून निघून उत्तर केनियातल्या एका रखरखीत अभयारण्यात गेलो, हवापालट म्हणून. तिथे बाबांनी सगळ्यात जास्त फोटो उंटांचे काढले.

कुवेतमधल्याच अहमदीतल्या एका इंजिनिअरचं स्थळ मला सांगून आलं होतं. हवल्लीला घरी परतलो की होकार कळवायचा, असं आईने ठरवलं होतं. मला विचारलं होतं, पण मी गप्प राहिले, आणि आमच्याकडे मुलगी गप्प राहिली की ती लाजली असं धरतात. मला तो मुलगा नको होता. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, आईला मराठीत ‘नको’ म्हणणं मला कधी जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाइडने आम्हाला जवळच्या गुराख्यांच्या वस्तीत नेलं. वाटेत आई कुजबुजली, “इथे गाई घेऊन मुली देतात म्हणे. बिचाऱ्या! तू उगाच काही बोलू नकोस हं.”

काटेरी कुंपणाच्या आत एक म्हातारी मण्यांच्या माळा विकत बसली होती. माझ्या गळ्याला एक माळ लावून तिने गाइडकरवी आईला विचारलं, “हिचं ठरलंय? किती गाई येणार?”

“आमच्यात काही घेत नाहीत,” आई अभिमानाने म्हणाली.

“मग मुलाकडचे देतात काय?”

“काही नाही. हॉल, जेवण, सगळं आम्हीच करतो.”

म्हातारीने हे शेजारच्या बायकांना सांगितलं. त्या आईकडे फार कळवळून बघू लागल्या.

लग्न ठरलेलीची माळ वेगळी, न ठरलेलीची वेगळी. म्हणून म्हातारीला खात्री करायची होती. गाइडने मला इंग्रजीत विचारलं, “तू हो म्हणालीस का?”

“नाही,” मीही इंग्रजीत म्हणाले. “मला तो मुलगा नकोय.”

गाइडने ते इमानदारीने म्हातारीला सांगितलं. आईला सांगायची गरज नव्हती. म्हातारीने शांतपणे माळ काढली आणि दुसरी, जरा महागाची, घातली.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, “अगं, आम्हाला सांगायचंस ना!”

“आता मुलाकडच्यांना मी काय सांगू?” आई म्हणाली.

“नाही म्हणून सांग,” बाबा म्हणाले.

“असं तोंडावर?”

घरी पोचल्यावर तिने मुलाच्या आईला फोन लावला. तब्येती विचारून झाल्या, हत्ती, जिराफ, विमानातलं जेवण, सगळं सांगून झालं. नकार काही तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिने फोन माझ्यापुढे धरला.

“तूच बोल बाई, तुझ्या त्या इंग्रजीत.”

मी बोलले.